रातपाळी सोडावी, पण केव्हा?

सकाळी आपण कामाला निघतो, तेव्हा डोंबिवलीच्या एमआयडीसीतून काही माणसे झोपायला घरी निघालेली असतात. घरात कुकरच्या शिट्ट्या, शेजारचा टीव्ही, पोरांची शाळेची घाई. त्यात लागेल तेवढीच झोप. अशी अठ्ठावीस वर्षे पाळ्यांत काढलेले आमच्या वस्तीतील एक दादा मध्यंतरी फॉर्म घेऊन आमच्याकडे आले. कंपनीने स्वेच्छानिवृत्ती जाहीर केली होती. दादांचे वय 52, रक्कम नऊ लाख, मुदत आठ दिवस. आम्ही पडलो कारकून, त्यामुळे वस्तीतले असले कागद आमच्याकडेच येतात.

"भाऊ, सही करू का?" दादांनी विचारले. वहिनी सोबत होत्या. त्या म्हणाल्या, "पैशाचं नंतर बघा. आधी ह्यांची झोप बघा. साखर निघाली तरी रातपाळी सुटत नाही."

वहिनींचे म्हणणे खोटे नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीमुळे 1946 साली कारखान्यातला आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. तास कमी झाले, पण रात्र ती रात्रच राहिली. शरीराला स्वतःचे घड्याळ असते. ते कसे चालते, हे शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना 2017 साली नोबेल पारितोषिक मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 आणि 2019 साली रातपाळीची गणना 'बहुधा कर्करोगकारक' गोष्टींत केली. याचा अर्थ प्रत्येकाला आजार होईलच असा नव्हे. परंतु कामगाराची थकवा आल्याची तक्रार म्हणजे कामचुकारपणा, असे तरी कोणी म्हणू नये.

मग सही करावी का? आम्ही वही काढली. घरखर्च व कर्जाचा हप्ता मिळून महिना अठरा हजार. नऊ लाखांना अठरा हजारांनी भागले, तर पन्नास महिने. व्याजाचे आणखी काही महिने धरू. 58 वर्षे पूर्ण व्हायला मात्र 72 महिने बाकी! मधल्या काळात काय करायचे?

दादा म्हणाले, "पेन्शन आहे ना?" आहे, 1995 च्या योजनेत दहा वर्षे सेवा झालेल्यास पन्नाशीनंतर ती मागता येते. मात्र 58 ला जेवढी वर्षे कमी, तेवढे दर वर्षामागे 4 टक्के कापले जातात आणि ही कपात जन्मभराची असते. 58 व्या वर्षी चार हजार बसणारी पेन्शन 52 व्या वर्षी तीन हजारांच्या आसपास येते. थांबायचे असेल, तर नोकरी सोडताना योजना प्रमाणपत्र घेऊन ठेवावे. झालेली सेवा बुडत नाही.

ग्रॅच्युइटी वेगळी, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. तो आपला हक्क आहे, कंपनीची मेहेरबानी नव्हे. पॅकेजच्या आकड्यात ती धरली आहे की नाही, हे आधी विचारावे. स्वेच्छानिवृत्तीच्या भरपाईवर पाच लाखांपर्यंत आयकर माफ असतो, त्यापुढे लागू शकतो. ईएसआयमध्ये पाच वर्षे विमा असलेल्याला स्वेच्छानिवृत्तीनंतरही वर्षाला 120 रुपये भरून नवराबायकोचे औषधपाणी चालू ठेवता येते. मधुमेहाच्या घराला हा मोठाच आधार.

गिरण्यांची आठवण आम्ही मुद्दाम काढली. 1992 साली केंद्र सरकारने राष्ट्रीय नूतनीकरण निधी काढला. कामगारांना नवे काम शिकवायचे, असे सांगितले गेले. प्रत्यक्षात पैसा मुख्यतः स्वेच्छानिवृत्तीवर गेला. एकदम हाती आलेली रक्कम लग्नात, गावच्या घरात, उसनवारीत संपल्याची उदाहरणे आपण सर्वांनी पाहिली आहेत. पण दुसरी बाजूही जवळच आहे. मोहन्याची एनआरसी 2009 साली बंद पडली आणि कामगार देण्यांसाठी वर्षानुवर्षे ताटकळले. म्हणून कंपनीची प्रकृतीही तपासावी. पगार वेळेवर होतो का? पीएफ भरला जातो का?

दादांच्या कंपनीत दोन्ही ठीक होते. मुलाचे शिक्षण आणि कर्ज दोन्ही तीन वर्षांत संपणार. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साठीच्या आत पैसे ठेवायचे, तर स्वेच्छानिवृत्ताला 55 पूर्ण लागतात. तेही तेव्हाच होणार. शेवटी वहिनींनीच तोड काढली. "पंचावन्नला सोडा. पण तोवर रातपाळी नको."

सही झाली नाही. त्याऐवजी डॉक्टरांचा दाखला जोडून जनरल पाळीचा लेखी अर्ज गेला आणि त्याची पोच घेतली. उत्तर अजून आलेले नाही. नकार आला, तर युनियनला घेऊन पुन्हा जायचे ठरले आहे. तीन वर्षांनी असे पॅकेज मिळेलच, याची खात्री नाही. हे दादांनाही ठाऊक आहे. पण पीएफ व ग्रॅच्युइटी तर कुठे जात नाही.

दुसऱ्या घराचा हिशेब वेगळा निघेल. प्रकृती फारच ढासळली असेल, तर पन्नाशीतच सोडणे हेच शहाणपण. आमचे सांगणे एवढेच, की फॉर्म कंपनीच्या टेबलावर भरू नका. तो घरी आणा, वही काढा आणि घरातल्या बाईला शेजारी बसवा. आपल्या रातपाळ्यांत तिचीही झोप गेलेली असते.