बिराजदार मामा

“वस्ताद म्हणजे कोचच ना?” असं मी मेसमध्ये विचारलं आणि सगळे हसले. कॉन्व्हेंटचं मराठी, दुसरं काय!

कोच सराव घेतो आणि घरी जातो. वस्ताद तालमीतच असतो. पोराचा खुराक, झोप, दुखणं, घरची अडचण, सगळं त्याच्याकडे. खेड्यातून आलेल्या पोराला तोच घरचा माणूस. म्हणूनच निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांना कुस्तीवाले ‘मामा’ म्हणत. १९६९ चे महाराष्ट्र केसरी. १९७७ ला बेळगावात त्यांनी सतपालला हरवलं. माझ्या निलंग्याच्या रूममेटचे आजोबा ती कुस्ती उठून, हातवारे करून सांगतात म्हणे! पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत मामांनी पैलवान घडवले, आपल्या लातूरचे काका पवार त्यातलेच.

सप्टेंबर २०११ मध्ये मामा गेले. पाटोद्याच्या राहुल आवारेचेही ते वस्ताद. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला राहुलला जाता आलं नाही. २०१८ ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत त्याने सुवर्ण जिंकलं आणि ते मामांना अर्पण केलं. मामांना जाऊन तेव्हा सहा वर्षं उलटली होती.

रूममेटने शाळेत असताना कापलेलं ते कात्रण अजून त्याच्या ट्रंकेत आहे. मागितलं तर दाखवतो, हातात देत नाही.