विनिअरच्या ठिगळाचा रंग

उडालेला पापुद्रा बसवणे एक वेळ सोपे. त्याला जुन्या लाकडाचा रंग देणे कठीण. विनिअर म्हणजे चांगल्या लाकडाचा पातळ काप, साध्या लाकडावर किंवा प्लायवर चिकटवलेला. हल्लीचा काप अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. पॉलिश पेपर जरा जोरात फिरला की खालचे लाकूड डोकावते.

आमच्या जालन्याच्या घरी अब्बांचा व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. पेटीला अक्रोडाचे विनिअर. तिचा कोपरा फुटला तेव्हा प्रश्न पडला, की मूळ रंग कोणता म्हणायचा? अम्मीने विणलेला रुमाल वर्षानुवर्षे वर असायचा. त्याखालची जागा गडद, तर खिडकीकडची बाजू मधासारखी फिकी. बरीच लाकडे वयाबरोबर गडद होतात, अक्रोड मात्र उजेडाने फिका पडतो. सागाची तऱ्हा तिसरीच. ताज्या कापात हिरवट-काळपट पट्टे दिसतात आणि उजेड लागला की ते विरून सोनेरी तपकिरी छटा येते. म्हणून सागाचा नवा तुकडा लगेच रंगवू नये, काही दिवस उजेडात ठेवावा.

पुष्कळ जण अशा वेळी सगळी पेटीच गडद पॉलिशने झाकतात. मला ते पटत नाही. रुमालाची ती चौकट पुसली गेली तर अम्मीची आठवणही पुसल्यासारखी होईल. तुकडा फक्त शेजारच्या लाकडाशी जुळावा, एवढेच मी मिस्त्रींना सांगितले.

त्यांनी रंगाच्या डब्याला हातच लावला नाही. ‘‘भाई, आधी रेषा.’’ रेषा जुळणारा काप निवडला आणि जागेवर ठेवून एकदा सुलटा, एकदा उलटा फिरवून पाहिला. तोच काप, पण उलटा धरला की गडद! लाकडाचे तंतू तिरपे असतात, त्यामुळे दिशा बदलली की प्रकाश वेगळा परततो. मग कोऱ्या कापावर स्पिरिटचा बोळा फिरवला. ओला असताना जो रंग दिसतो, साधारण तोच पॉलिशनंतर दिसतो. जुन्या चपड्याच्या पॉलिशला मात्र स्पिरिट लागू देऊ नये, ते विरघळते. (हा चपडा म्हणजे लाखच. जुन्या गाण्यांच्या तबकड्याही तिच्यापासूनच बनत.) पाण्यातला स्टेनही बेताने वापरावा, कारण जुना सरस पाण्याने सुटतो. सांडलेला सरस आधी पुसून घ्यावा. त्या डागावर रंग चढत नाही.

रंगाची परीक्षा त्याच कापाच्या उरलेल्या तुकड्यावर, पॉलिशचा हात देऊन करावी. तीही ट्यूबलाइटखाली नको. दोन वेगळ्या द्रव्यांनी बनलेले रंग एका उजेडात सारखे दिसतात आणि दुसऱ्यात फितूर होतात. आम्ही तुकडा अंगणात नेला, मग रेडिओच्या जागी आणून पाहिला. मिस्त्रींनी रंग मुद्दाम थोडा फिका ठेवला होता. पुढची छटा त्यांनी पॉलिशच्या पातळ हातांतून चढवली, दोन हातांमध्ये दिवसभर थांबून.