उतारू किती, मोजले कुणी?

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये नवा व्यापारी नौवहन कायदा मंजूर केला आणि १९५८ च्या कायद्याला निरोपाचा नारळ मिळाला. पुण्यात याची चर्चा झाल्याचे माझ्या तरी कानावर आले नाही. होणार कशी? खडकवासल्याच्या संशोधन केंद्रात देशातल्या बंदरांच्या प्रतिकृती पाण्यात उभ्या करून तपासतात, तळेगावजवळ बोटींवरचे इंजिनिअर घडतात. पण पुणेकराच्या मनातली बोट पानशेतच्या पुढे जात नाही. आमचे गाव मालवणकडचे, म्हणून मला त्या जुन्या कायद्याबद्दल चार शब्द लिहावेसे वाटतात. आणि खरे सांगायचे तर १८ डिसेंबर २०२४ ची दुपार अजून डोक्यातून जात नाही, म्हणूनही.

त्या दुपारी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची स्पीडबोट आदळली. पंधरा माणसे गेली. धडक नीलकमलने दिली नव्हती, हे मान्य. पण परवाना चौऱ्याऐंशी उतारू आणि सहा खलाशांचा आणि बोटीवर माणसे शंभराच्या वर, हा हिशेब नौदलाच्या माथी मारता येत नाही.

बुडालेल्या बोटींचा मागचा इतिहास भराभर उरकतो. १८८८ मध्ये ‘वैतरणा’ सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. १९२७ च्या नोव्हेंबरात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ ला, गटारीच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. दर जुलैत रामदासवर लेख येतात आणि बहुतेकांत समुद्र कोपतो, अमावास्या घात करते. मला या लेखांचा मनस्वी कंटाळा आहे. भेदरलेली माणसे एका अंगाला धावली की भरलेल्या बोटीचे काय होते, हे समजायला पंचांग लागत नाही. माणूस हे बोटीच्या दृष्टीने वजन आहे, आणि तेही स्वतःहून जागा बदलणारे. ते जितके वरच्या डेकवर, तितका बोटीचा तोल नाजूक. म्हणून बोट मुद्दाम थोडी कलवून ती पुन्हा सरळ व्हायला किती जोर लावते हे मोजतात, आणि उतारूंचा आकडा ठरवताना हा हिशेब धरावा लागतो. बाके किती मावतात, एवढ्यावर तो ठरत नाही.

आता माझे दशक, म्हणजे ऐंशीचे. मोगल लाईन कंपनीच्या ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटत आणि दुसऱ्या सकाळी पणजीला लागत. वाटेत रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले. आम्ही पुण्याहून आदल्या रात्री दादर गाठायचो आणि पहाटे धक्क्यावर. डेकचे तिकीट म्हणजे जागा आपली आपण धरायची. काकू सतरंजी फेकायची, ती पसरेल तेवढे आमचे राज्य. दिल्लीच्या कायद्यात या सतरंजीवाल्यांचा वेगळा वर्ग होता, हे मला फार उशिरा कळले. केबिन नसलेल्या उतारूंसाठी १९३१ मध्ये सिमल्याला नियम ठरले, मुख्यतः हजला जाणाऱ्या गर्दीच्या जहाजांसाठी. पुढे १९७१ मध्ये त्यांच्या जागी लंडनला आंतरराष्ट्रीय करार झाला. सतरंजीखालच्या जागेलाही माप आहे आणि ते सरकारने पाहायचे आहे, हे या साऱ्या नियमांचे सार. हजची जहाजेही मोगल लाईनच चालवायची.

जिन्याजवळच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक कागद असायचा. सर्वेक्षणाचा दाखला. तो सगळ्यांना वाचता येईल अशा ठिकाणी लावलाच पाहिजे, असे कायदा सांगत होता. बारापेक्षा जास्त उतारू नेणाऱ्या जहाजाला त्याच्याशिवाय निघता येत नसे आणि त्याची मुदत फार तर वर्षाची. सर्वेक्षक बोटीचे अंग तपासणार, लाईफबोटी दोरावर नीट उतरतात का बघणार, आगीचे नळ सोडायला लावणार, मगच सही. आमचे काका बोटीवर चढले की देवाला करावा तसा त्या कागदाला नमस्कार करून पुढे जायचे, आणि आम्ही हसायचो.

सारे आलबेल होते असे मात्र नाही. मालवणला धक्का नव्हता. बोट लांब उभी राहायची आणि अपरात्री कंदिलांच्या उजेडात उतारूंना किनाऱ्यावर नेणारा पडाव तिच्या अंगाला भिडायचा. लाट आली की पडाव हातभर वर, गेली की पुरुषभर खाली. तो वर आला की खलाशी ओरडणार, ‘आता!’ आणि माणसाने उडी टाकायची. काकू कठड्याशी थांबून म्हणायची, ‘माका सोड, आधी पोराक धर.’ बोटीला दाखला होता. बोट आणि पडाव यांच्यामधल्या त्या काळ्या फटीची तपासणी कोण करत होते? ऐंशीचे दशक आठवून गहिवरणारे लोक ही फट सोयीस्कर विसरतात.

त्याच दशकात बाहेर काय चालले होते पाहा. १९८७ च्या मार्चमध्ये बेल्जियममधल्या झेब्रुगे बंदराबाहेर ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ पुढचा दरवाजा उघडा ठेवून निघाली आणि १९३ माणसे मेली. डिसेंबरात फिलिपिन्समध्ये ‘दोन्या पाझ’ टँकरवर आदळून जळाली. चार हजारांहून अधिक बळी, त्यातले कितीतरी उतारूंच्या यादीतच नव्हते. हेराल्डनंतर दरवाजा बंद आहे की नाही हे कप्तानाला दाखवणारे दिवे सक्तीचे झाले, तोलाचे निकष कडक झाले, आणि पुढे १९९८ पासून बोटीबरोबर कंपनीच्या कारभाराचीही तपासणी सुरू झाली. जग बोटी सुधारत होते. आपण दशक संपता संपता बोट बंद केली.

‘रेल्वे येतेय, आता बोट कशाला?’ असे तेव्हा सुनावणाऱ्या शहाण्यांचे चेहरे मला अजून आठवतात. कोकण रेल्वे पूर्ण सुरू व्हायला १९९८ उजाडले. मधल्या काळात माणूस एसटीने कशेडीच्या घाटातून गेला. ज्या महामार्गाने तो गेला त्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि त्याचे पुढे काय झाले ते गणपतीला जाणाऱ्याला विचारावे. मधूनच कॅटामरान आली आणि गेली, २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ क्रूझ आली आणि गेली. दोन्ही हौशी प्रवाशांसाठी. सतरंजीवाल्याला त्यात जागा नव्हती.

आणि त्या सतरंजीवाल्याचे आज काय? गेटवेजवळची गर्दीची वाहतूक अंतर्गत जलवाहतुकीच्या कायद्याखाली आणि राज्याच्या सागरी मंडळाच्या परवान्यावर चालते. शेजारून युद्धनौका आणि तेलवाहू जहाजे जातात, आणि कायदा मात्र खाडीतल्या होडीच्या घराण्यातला. १९१७ चा तो कायदा जाऊन २०२१ चा आला. कलमे चांगली आहेत, वाचली मी. पण २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला, म्हणजे आपल्याच पुणे जिल्ह्यात येणारी बोट उजनीच्या पाण्यात वाऱ्याने उलटली आणि सहा जण गेले. ती रोजची वाट होती. तिथे ती कलमे कुठल्या काठावर उभी होती?

नीलकमलनंतर गेटवेवर एकदम लाईफ जॅकेटांचा सुकाळ झाला. जॅकेट हवेच. पण बुडणाऱ्याला जॅकेट आणि चढणाऱ्याला मोजणी, यातली दुसरी गोष्ट स्वस्त. धक्क्यावर एक माणूस, त्याच्या हातात आकडा मोजायचे यंत्र आणि चौऱ्याऐंशीनंतर साखळी ओढण्याचा अधिकार, एवढ्यावर ती भागते. त्याच्यामुळेच पंच्याऐंशीव्या माणसाचे तिकीट बुडते, म्हणून तो नेमला जात नाही.

ऑगस्ट २०२५ मध्येच मुंबईहून जयगड आणि विजयदुर्गला रो-रो बोटीची घोषणा झाली. जयगडला तीन तास, विजयदुर्गला पाच, गाड्या किती, भाडे किती, सगळे छापून आले. मी वाचलेल्या बातम्यांत लाईफबोटी किती आणि दाखला कोणत्या तारखेपर्यंतचा, हे कुठे नव्हते. त्या बोटीने मी जाणार आहेच. काचेतला कागद कुठे लावलाय ते आधी विचारीन, आणि सापडला नाही तर भाडे परत मागीन.