मिकोनोस : खिसा सांभाळा, समुद्र मनसोक्त लुटा

लग्नाचा वाढदिवस असो, मैत्रिणींची सहल असो किंवा मुलांचं शिक्षण संपल्याचा आनंद, परदेशी जायचं म्हटलं की हल्ली ग्रीसचं नाव निघतंच. त्यातही समुद्रकिनारे आणि नाइट लाइफ हवं असेल तर सगळ्यांच्या तोंडी असतं मिकोनोस. एजियन समुद्रातलं हे बेट जेमतेम ८५ चौरस किलोमीटरचं. पांढरीशुभ्र घरं, निळी दारं-खिडक्या, स्वच्छ पाणी आणि पहाटेपर्यंत चालणारं संगीत.

पण मिकोनोसची दुसरी ओळख म्हणजे महागाई. किनाऱ्यावर दोन खुर्च्या आणि थोडं खाणंपिणं घेतल्यावर हातात पडलेल्या बिलांवरून इथे झालेले वाद जगभर गाजले आहेत. मग वर्षानुवर्षं साठवलेल्या पैशांतून जाणाऱ्या कुटुंबाला हे बेट परवडेल का? परवडू शकतं. फक्त पैसे कशासाठी मोजायचे आणि कशासाठी नाही, हे तुम्ही घरूनच ठरवून निघायला हवं.

कधी आणि कसं जाल

ग्रीससाठी शेंगेन व्हिसा लागतो. त्यासोबत किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमाही लागतो. उन्हाळ्याच्या गर्दीत व्हिसाची तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून तयारी काही महिने आधीच सुरू करा. अथेन्सहून मिकोनोसला विमान पाऊण तासाच्या आत पोहोचतं. पिरेयस किंवा राफिना बंदरातून फेरीबोटी सुटतात. वेगवान बोट साधारण अडीच-तीन तास घेते, तर मोठी, संथ बोट पाच तासांच्या आसपास. संथ बोट स्वस्त असते आणि लाटांमध्ये कमी हलते. बोट लागणाऱ्यांसाठी तीच बरी.

जुलै-ऑगस्ट म्हणजे ऐन हंगाम. तेव्हा दर सर्वांत जास्त आणि उत्तरेकडून वाहणारा ‘मेल्तेमी’ वाराही जोरात. वारा फार वाढला तर बोटी रद्द होतात, म्हणून परतीचं आंतरराष्ट्रीय विमान असेल त्याच्या किमान एक दिवस आधी अथेन्सला परत या. जून किंवा सप्टेंबरमध्ये गर्दी तुलनेनं कमी असते आणि समुद्रात उतरण्याजोगी ऊबही असते.

किनारा सगळ्यांचा आहे

कुठल्या किनाऱ्यावर जायचं हे वारा पाहून ठरवा. दक्षिणेकडचे किनारे डोंगरांच्या आडोशाला आहेत, म्हणून तिथे पाणी शांत असतं आणि हॉटेलं-बीच क्लबही तिथेच दाटले आहेत. मुलं आणि आजी-आजोबा सोबत असतील तर ऑर्नोस आणि प्लातीस यालोस सोयीचे. प्लातीस यालोसहून छोट्या बोटी पॅराडाईज, सुपर पॅराडाईज, एलिया या किनाऱ्यांवर नेतात. या तीन किनाऱ्यांवर काही जण विवस्त्र ऊन घेतात, हे मुलांना नेण्याआधी माहीत असू द्या. उत्तरेकडचा आयिओस सोस्तिस याच्या अगदी उलट. तिथे छत्र्या नाहीत, खुर्च्या नाहीत, संगीत नाही. पाणी आणि खाऊ सोबत न्यावा लागतो. पण वारा पडलेला असेल त्या दिवशी यासारखा किनारा नाही.

पैसे जातात ते खुर्च्या-छत्र्यांवर. नावाजलेल्या बीच क्लबमध्ये पाण्याजवळच्या पहिल्या रांगेचा दर मागच्या रांगेपेक्षा बराच जास्त असतो. काही ठिकाणी तर ठरावीक रकमेचं खाणंपिणं घेण्याची अटही असते. म्हणून बसण्याआधी तीन गोष्टी विचारा : खुर्चीचा दर किती, तो माणशी आहे की जोडीचा आणि खाण्यापिण्याची अट आहे का.

ग्रीसमध्ये किनारा ही सार्वजनिक जागा आहे, हेही लक्षात ठेवा. २०२३ मध्ये शेजारच्या पारोस बेटावरच्या रहिवाशांनी टॉवेल हाती घेऊन आंदोलन केलं. सगळी वाळू भाड्याच्या खुर्च्यांनी व्यापली, आम्ही बसायचं कुठे, हा त्यांचा सवाल होता. पुढच्याच वर्षी नवा कायदा आला. भाड्यानं दिलेल्या किनाऱ्याचा किमान अर्धा भाग खुर्च्यांविना मोकळा ठेवणं त्यानं बंधनकारक केलं. म्हणजे स्वतःची चादर अंथरून समुद्राचा आनंद घेणं हा तुमचा हक्क आहे. त्यात संकोच कसला?

रात्र उशिरा सुरू होते

इथे जेवणच रात्री नऊ-दहाला होतं आणि क्लबमध्ये रंग चढतो तो मध्यरात्रीनंतर. पॅराडाईज किनाऱ्यावर दुपार टळल्यापासूनच नाच सुरू होतो. होरा या मुख्य गावातले बार लहान, गल्लीबोळांतले. समलिंगी पर्यटकांचंही हे बेट गेल्या अनेक दशकांपासून आवडतं ठिकाण आहे. कुणी कुणाकडे वळून पाहत नाही, हा इथला मोकळेपणा अनेकांना भावतो.

तरी सावधगिरी हवीच. बेटावर टॅक्सी मोजक्याच असतात, म्हणून निघण्याआधी परतीच्या बसची वेळ पाहून ठेवा. हंगामात गावातून किनाऱ्यांकडे रात्री उशिरापर्यंत बस धावतात. आपला ग्लास नजरेआड करू नका, एकटं परतू नका. आणीबाणीत ११२ क्रमांक फिरवा.

चार चाकांची क्वाड बाइक इथे सर्रास भाड्यानं मिळते. अरुंद, वळणदार, उतरत्या रस्त्यांवर अपघात होतात ते याच गाडीचे. ती घ्यायची असेल तर आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्या आणि हेल्मेट घालाच. योग्य परवाना नसताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. मद्य घेतलं असेल तर मात्र बसच बरी.

एक पैसाही न देता

बेटावरचं जे सगळ्यात सुंदर, ते बहुतांश फुकट आहे. होराच्या गल्ल्या इतक्या गुंतागुंतीच्या की चालणारा हमखास वाट चुकतो. त्या वाऱ्याला अडवायला आणि समुद्री चाच्यांना चकवायला तशा बांधल्या, असं सांगतात. पारापोर्तिआनी हे खरं तर एकमेकांना बिलगलेल्या पाच चर्चचं मिळून झालेलं एक चर्च. खाली चार आणि त्यांच्या माथ्यावर पाचवं. गावाबाहेरच्या टेकडीवर सात पवनचक्क्या ओळीनं उभ्या आहेत. आज ज्या वाऱ्याला पर्यटक वैतागतात, त्याच वाऱ्यावर एकेकाळी इथे धान्य दळलं जायचं. तिथून लिटल व्हेनिसच्या पाण्यात पाय सोडलेल्या घरांमागे सूर्य बुडताना पाहा. तेच दृश्य खालच्या कॅफेत बसून पाहायला बरेच पैसे मोजावे लागतात.

डेलोसला तिकीट काढून जाच

एका गोष्टीवर मात्र जरूर खर्च करा. जुन्या बंदरातून अर्ध्या तासावर डेलोस हे निर्मनुष्य बेट आहे. ग्रीक पुराणांनुसार अपोलो आणि आर्तेमिस यांचा जन्म इथला. इ.स.पू. ४२६ मध्ये अथेन्सवाल्यांनी हे बेट पवित्र राखण्यासाठी इथे कुणी जन्मू नये, कुणी मरू नये, असा दंडक घातला. गर्भवती आणि मरणासन्न माणसांना शेजारच्या रेनिया बेटावर हलवलं जाई. आजही पर्यटकांना इथे रात्री राहता येत नाही. १९९० पासून हे जागतिक वारसा स्थळ आहे. संगमरवरी सिंहांची रांग, मोझेकच्या फरशांची घरं, नाट्यगृह असं पाहण्यासारखं खूप आहे. सावली मात्र जवळजवळ नाही. टोपी, पाणी आणि चांगले बूट न्या.

शाकाहारी मंडळींसाठी

काळजी नको. जाड फेटा चीज घातलेलं सॅलड, पालकाची स्पानाकोपिता, भात भरलेले टोमॅटो म्हणजे गेमिस्ता, पिवळ्या डाळीचा फावा हे सगळीकडे मिळतं. ‘होरीस क्रेआस’ म्हणजे मांसाविना. ‘निस्तिसिमो’ म्हणजे तिथल्या उपवासाचं खाणं. त्यात मांस, अंडी, दूध नसतं, पण ऑक्टोपस किंवा कोळंबी चालते! तेव्हा नीट विचारून घ्या. बदामाची ‘अमिग्दालोता’ ही मिठाई घरच्यांसाठी आणायला छान.

मेन्यूवर दर नसेल तर तिथे बसू नका. मासे अनेकदा किलोच्या दरानं विकतात, म्हणून वजन आणि किंमत आधी ठरवा. छापील पावती मागा. पावती दिली नाही तर ग्राहकावर पैसे देण्याचं बंधन नाही, असा तिथला नियम आहे.

राहायला होराच्या ऐन मध्यात खोली हवीच असं नाही. बसथांब्याजवळची, आतल्या आनो मेरा गावाकडची खोलीही चालेल. तीन रात्री पुरतात : एक दिवस किनारा, एक दिवस डेलोस आणि गाव, आणि एक दिवस वाऱ्याच्या नावानं राखून ठेवलेला. एखादी संध्याकाळ बीच क्लबवर जरूर उधळा, पण ती तुम्ही ठरवून उधळलेली असू द्या. बाकीच्या वेळी चादर अंथरा आणि समुद्राकडे पाहत निवांत पडून राहा.