विद्यापीठ आणि समाज : लेखांक ६ – गावाला आधी विचारायचे म्हणजे काय?

विद्यापीठाच्या विस्तारकार्याचा आराखडा बहुतेक वेळा विभागप्रमुखांच्या दालनात तयार होतो. निधीसाठी अर्ज करण्याची मुदत जवळ आलेली असते. त्या घाईत उद्दिष्टे, लाभार्थ्यांची संख्या, वेळापत्रक आणि अंदाजपत्रक ठरते, प्रस्ताव मंजूर होतो, आणि मग आदिवासी गावात जाऊन ग्रामसभेचा ठराव मागितला जातो. तोपर्यंत गावाच्या हातात सही करणे किंवा न करणे एवढेच उरलेले असते. काम कोणत्या आजारावर करायचे, प्रशिक्षण कशाचे द्यायचे, शिबिर कोणत्या महिन्यात घ्यायचे, यातले काही बदलले तर मंजूर निधीच अडतो. याला सल्लामसलत म्हणता येणार नाही. काही बदलता येण्याजोगे असताना विचारले आणि ‘नको’ हे उत्तर ऐकून घेण्याची तयारी ठेवली, तरच विचारण्याला अर्थ आहे.

पेसा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९९६च्या कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मोठे स्थान दिले आहे. सामाजिक व आर्थिक विकासाच्या योजना, कार्यक्रम आणि प्रकल्प पंचायतीने राबवायला घेण्यापूर्वी त्यांना ग्रामसभेची मान्यता लागते. रूढी, परंपरा आणि सामूहिक साधनसंपत्ती जपण्याचा अधिकारही तिचाच. महाराष्ट्राच्या २०१४च्या नियमांनी पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा असण्याची वाट मोकळी केली. विद्यापीठाच्या दृष्टीने ही तरतूद फार महत्त्वाची आहे. गट ग्रामपंचायतीच्या सरपंचाचे पत्र फाइलला लावले, म्हणजे डोंगरापलीकडच्या पाड्याला विचारले असे होत नाही. आरोग्यविषयक संशोधनासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे आणखी स्पष्ट आहेत. आदिवासी समाजात शिरण्यापूर्वी पंचायतीची, आणि ती नसेल तर समाजाने मानलेल्या प्रमुखाची परवानगी घ्यावी. पण ती मिळाली तरी प्रत्येक व्यक्तीची संमती स्वतंत्रपणे घ्यावीच, असे ती सांगतात.

विचारण्यात कसूर झाली तर काय होते, हे अमेरिकेतील हवासुपाई जमातीच्या प्रकरणात दिसते. ग्रँड कॅन्यनच्या तळाशी सुपाई नावाचे या जमातीचे गाव आहे. तिथे चालत, घोड्याखेचरांवरून किंवा हेलिकॉप्टरनेच पोहोचता येते. जमात जेमतेम साडेसहाशे लोकांची, आणि तिच्यात मधुमेहाचे प्रमाण भयावह. १९८९च्या सुमारास जमातीतूनच अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या एका ओळखीच्या मानववंशशास्त्रज्ञाकडे मदतीची विनंती गेली. म्हणजे आरंभ अगदी योग्य होता. आहाराचे आणि आरोग्याचे शिक्षण, सोबत मधुमेहाचे संशोधन अशी आखणी झाली आणि १९९० पासून रक्ताचे नमुने गोळा होऊ लागले. संमतिपत्रावरचे शब्द मात्र मधुमेहापुरते नव्हते. त्यांची व्याप्ती कितीतरी मोठी होती. लोक मधुमेहासाठी रक्त देत होते; पुढे त्याच नमुन्यांवर स्किझोफ्रेनिया, जवळच्या नात्यांतील विवाहसंबंध आणि जमातीचे प्राचीन स्थलांतर या विषयांवरही काम झाले. आपण या दरीतच उत्पन्न झालो, अशी हवासुपाईंची श्रद्धा आहे आणि त्या भूमीवरील त्यांचा हक्कही या श्रद्धेशी जोडलेला आहे. पूर्वज आशियातून आले असे सांगणाऱ्या अभ्यासाला आपलेच रक्त वापरले गेले, हे त्यांना २००३ मध्ये कळले, तेही जमातीतील एक तरुणी विद्यापीठातील प्रबंधाच्या सादरीकरणाला हजर होती म्हणून. जमातीने विद्यापीठाला आपल्या भूमीवर येण्यास बंदी घातली आणि प्रकरण न्यायालयात गेले. २०१० मध्ये तडजोड झाली : ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर आणि उरलेले नमुने परत.

सुरुवातीला एकदा मिळालेला होकार पुढच्या प्रत्येक कामाला पुरतो, हा समज इथे महागात पडला. विषय बदलला की पुन्हा विचारावे लागते. जमा झालेल्या माहितीची मालकी कोणाची, हा त्याला लागूनच येणारा प्रश्न पुढील लेखांकासाठी राखून ठेवला आहे.

आधी विचारल्याने काम कसे बदलते, याचे उदाहरण गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था विद्यापीठ नव्हे, पण संशोधनाची आणि लोकांमधल्या कामाची सांगड तिने ज्या रीतीने घातली ती विद्यापीठांनी अभ्यासावी अशी आहे. आरंभी या डॉक्टरांनी सिकलसेलच्या आजाराचा अभ्यास हाती घेतला. शास्त्रीयदृष्ट्या विषय मोलाचा होता, पण लोकांना तो आपला प्रश्न वाटत नव्हता. हा अनुभव डॉ. अभय बंग यांनी स्वतःच सांगितला आहे. रुग्णालय उभारायच्या वेळी मात्र आदिवासींनाच विचारले गेले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढरे कपडे प्रेताला गुंडाळतात, नातलगांना बाहेर काढले तर आजारी माणूस एकटा पडतो, आणि दवाखान्यात देव नसतो, अशी उत्तरे आली. त्यातून संस्थेच्या शोधग्राम या परिसरात गावातल्या घरांसारख्या झोपड्यांचे रुग्णालय उभे राहिले. नातेवाईक रुग्णाजवळ राहू लागले आणि रुग्णालयाला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. वास्तुविशारदाच्या कल्पनेतून या गोष्टी आल्या नसत्या.

विचारायचे कधी आणि कुठे, हेही गावानेच ठरवावे. मोहफुले वेचण्याचे दिवस, तेंदूपानाचा हंगाम आणि भाताची लावणी या काळात सभा बोलावली तर गाव रानात किंवा शेतात असते आणि चार-दोन माणसांच्या उपस्थितीवर ‘एकमताने मंजूर’ असे लिहिले जाते. बोलणे माडिया, कोरकू, पावरी किंवा कातकरी अशा तिथल्या बोलीत व्हायला हवे. दुभाषा शाळेतला शिक्षक किंवा वनरक्षक असेल, तर लोक त्याच्यासमोर मोकळे होतीलच असे नाही. स्त्रियांची वेगळी बैठक बहुधा घ्यावीच लागते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने याबाबत सुरेख पद्धत रुजवली आहे. तिथे विषय समजून घेण्यासाठी अभ्यासगट बसतो आणि त्यात बाहेरच्या जाणकारांनाही भाग घेता येतो; निर्णय मात्र ग्रामसभाच घेते, तोही बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने. वेळ लागतो. तो वेळ प्रकल्पाच्या वेळापत्रकात आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात धरायला हवा, असा आग्रह विद्यापीठांनी निधी देणाऱ्यांकडे धरला पाहिजे.

समाजाच्या वतीने बोलायचे कोणी, हा सर्वांत अवघड प्रश्न. केरळमधील काणी जमातीच्या माणसांनी १९८७ मध्ये संशोधकांना थकवा घालवणाऱ्या आरोग्यपच्चा या वनस्पतीची ओळख करून दिली. तिच्यापासून तयार झालेल्या ‘जीवनी’ या औषधापोटी संशोधन संस्थेला मिळणाऱ्या परवाना शुल्कातला आणि स्वामित्वधनातला निम्मा वाटा जमातीला देण्याचे ठरले, आणि जगभर या व्यवस्थेची वाखाणणी झाली. तरीही आपल्याला कोणी विचारलेच नाही, अशी तक्रार दुसऱ्या भागांतील काणींनी केली. संशोधकांचा हेतू चांगला होता, तरी त्यांच्याशी बोललेली माणसे म्हणजे सारी जमात नव्हती. म्हणून प्रस्ताव लिहिण्याआधीच किती पाडे, कोणत्या कुळी, कोणत्या पारंपरिक पंचायती या कामाच्या कक्षेत येतात याची यादी गावकऱ्यांसोबत बसून करावी लागते.

होकार मिळाल्यावर ठरलेले सारे लेखी असावे आणि तिथल्या बोलीत मोठ्याने वाचून दाखवावे : कोण येणार, किती दिवस राहणार, छायाचित्रे कशाची घेणार, निष्कर्ष छापण्यापूर्वी गावाला कधी ऐकवणार, मध्येच काम थांबवायचे झाल्यास कोणाला सांगायचे. या कराराची एक प्रत ग्रामसभेच्या दप्तरी राहावी. विद्यार्थ्यांची नवी तुकडी किंवा नवा प्राध्यापक आला, की त्यांच्या पहिल्या भेटीत तीच प्रत ग्रामसभेसमोर पुन्हा वाचली जावी.