लाकडी ठशांचा चित्रकार : हिरोशी योशिदा

लाकडी ठसे मारून कापडावर नक्षी उठविणारा छिपी आपणांला ठाऊक आहे. जपानात याच रीतीने कागदावर चित्रे छापीत. एकाने चित्र काढायचे, दुसऱ्याने ते लाकडात कोरायचे, तिसऱ्याने छापायचे, पैसा प्रकाशकाचा. ही वाटणी ज्याला पुरेशी वाटली नाही, अशा एका चित्रकाराची ही ओळख.

हिरोशी योशिदा यांचा जन्म 1876 साली कुरुमे गावी झाला. मुलाच्या अंगचा गुण पाहून चित्रकलेच्या शिक्षकांनीच त्यांना दत्तक घेतले; योशिदा हे आडनाव त्या गुरुजींचे. पुढे तैलरंग नि जलरंगांतील चित्रांनी त्यांचे नाव झाले.

1 सप्टेंबर 1923 रोजी मोठा भूकंप झाला. तोकियोत आगी भडकल्या. योशिदांची ठसेचित्रे काढणाऱ्या वातानाबे या प्रकाशकाचे दुकान ठशांसकट जळाले. भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी चित्रे विकावीत म्हणून योशिदा अमेरिकेस गेले. पाहतात तो काय, तेथे रंगविलेल्या चित्रांपेक्षा ठसेचित्रांनाच गिऱ्हाईक अधिक! परतल्यावर 1925 साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी स्वतःची कार्यशाळा काढली.

कारागिराकडून काम करून घ्यायचे, तर त्याच्याहून अधिक आपल्याला यायला हवे, असे त्यांचे मत. म्हणून ते स्वतः कोरायला बसत. छापणाऱ्याशेजारी उभे राहून रंग पारखीत. एकेका चित्रासाठी एकाच कागदावर तीस-तीस वेळा छपाई होई. कागद केसभर हलला, की सारी मेहनत फुकट! अशा देखरेखीखाली उतरलेल्या चित्राच्या कडेला 'जिझुरी', म्हणजे 'स्वतः छापलेले', असा शिक्का असे.

1926 सालची त्यांची शिडाच्या होड्यांची चित्रे प्रसिद्ध आहेत. होड्या त्याच, ठसेही तेच. फक्त रंग बदलून त्यांनी सकाळ, दुपार, धुके, संध्याकाळ नि रात्र उभी केली.

1930-31 साली ते थोरला मुलगा तोशी याला घेऊन हिंदुस्थानात आले. ताजमहाल, काशी यांबरोबरच आपल्या अजिंठ्याचेही ठसेचित्र त्या प्रवासातून निघाले. 1950 साली ते वारले. पण तोशी नि होदाका या मुलांनी ही कला पुढे चालविली.

गुरुजींना एक सुचवावेसे वाटते. बटाटा कापून मुलांकडून एकच ठसा करवून घ्या, तो दोन निरनिराळ्या रंगांत उठवा, आणि विचारा : यातली सकाळ कोणती नि संध्याकाळ कोणती? योशिदांची विद्या मुलांना तिथेच कळू लागेल.