गोझो : मुक्कामाचं बेट

सकाळी दहाच्या सुमारास माल्टाहून आलेली फेरीबोट इम्जार बंदराला लागली की धक्क्यावर एकच धांदल उडते. उघड्या जीप, क्वाड बाइक, आपल्या रिक्षाच्या चुलतबहिणी शोभतील अशा तिचाकी टुकटुक ओळीने उभ्याच असतात. दिवसभराच्या सहलीला आलेली मंडळी त्यांत भरली जातात. किल्ला, मंदिर, समुद्रकिनारा, जेवण, आणखी एक किनारा, असा कार्यक्रम उरकतो आणि संध्याकाळच्या बोटीने सगळे परत. गोझो पाहिलं असं सांगणाऱ्यांतले बरेच जण ते असंच पाहून आलेले असतात. बेट आहेच केवढं? 67 चौरस किलोमीटर. लांबी जेमतेम 14 किलोमीटर, रुंदी त्याच्या निम्मी. गाडीने अर्ध्या-पाऊण तासात बेटाच्या या टोकाहून त्या टोकाला जाता येतं. हा लहान आकारच पाहुण्यांना फसवतो. एका दिवसात सगळं होईल असं वाटतं, आणि होतंही. फक्त गोझो तेवढं राहून जातं.

सिसिलीच्या दक्षिणेला माल्टा हा द्वीपदेश आहे. मोठं बेट माल्टा, त्याच्या वायव्येला गोझो आणि दोघांच्या मधे इवलंसं कोमिनो. 2021च्या जनगणनेनुसार गोझोची वस्ती 39 हजारांच्या आसपास होती. बेटावर प्रवासी विमानांची नियमित सेवा नाही, त्यामुळे उतरायचं ते माल्टातच. मुंबईहूनही थेट विमान नसल्यामुळे दुबई, इस्तंबूल किंवा युरोपातल्या एखाद्या शहरात विमान बदलावं लागतं. (मुंबईहून थेट माल्टाला गेलेले लोक इतिहासात आहेत. 1878 साली रशियावर वचक बसवण्यासाठी ब्रिटिशांनी सुमारे 7 हजार हिंदी सैनिक मुंबई बंदरातून जहाजांनी माल्टाला नेले. त्यांत मुंबई इलाख्यातल्या पलटणीही होत्या.) माल्टा शेंगेन करारात आहे, तेव्हा भारतीय पारपत्रावर शेंगेन व्हिसा हवा. चलन युरो. इंग्रजी ही राजभाषांपैकी एक असल्याने बोलण्याची अडचण नाही. वाहनं डाव्या बाजूने चालतात. विजेचे प्लग मात्र ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी पायांचे आहेत. आपला चार्जर त्यात बसत नाही, अडॅप्टर बरोबर ठेवावा.

माल्टाच्या उत्तर टोकाला चिरकेव्वा हे बंदर. तिथून गाड्या वाहून नेणारी मोठी फेरी 25 मिनिटांत इम्जारला पोचवते. जाताना कोणी तिकीट विचारत नाही. भाडं वसूल होतं ते गोझोहून परतताना, पायी प्रवाशाला पाच युरोच्या आत. 2021पासून राजधानी वालेटाहून पाऊण तासात थेट इम्जारला आणणारी वेगवान बोटही सुरू झाली आहे. या पंचवीस मिनिटांवरून बेटावर वर्षानुवर्षं वाद चालू आहे. समुद्राखालून बोगदा काढून दोन्ही बेटं जोडावीत, या योजनेला माल्टाच्या संसदेने 2021 साली पाठिंबा दिला. नोकरीसाठी, शिक्षणासाठी, मोठ्या इस्पितळासाठी रोज पलीकडे जाणाऱ्यांना बोगदा हवा आहे. बोगद्याबरोबर माल्टातली गर्दी आणि सिमेंटही इकडे येईल, अशी भीती विरोधकांना वाटते. आठवडाभरासाठी आलेल्या पाहुण्याने या भांडणात पडू नये. पण बोट आहे म्हणून गोझो वेगळं राहिलंय, हे इम्जारला उतरल्यावर पहिल्या वळणावरच कळतं.

राहायचं कुठे, हा बेत आखतानाचा पहिला प्रश्न. मार्सालफोर्न आणि श्लेंडी ही समुद्राकाठची गावं. खोलीतून उतरून पाण्यात जायचं असेल, तर ती सोयीची. पण ऑगस्टमध्ये तिथे पाय ठेवायला जागा नसते. गोझोची खरी खासियत म्हणजे आर्ब, सान लॉरेन्झ, शारा अशा गावांतली जुनी शेतघरं. मधाच्या रंगाच्या चुनखडीचे जाडजूड दगड, छताला दगडी कमानी, मधे चौक. जिथे पूर्वी गुरं बांधत, तिथे आता स्वयंपाकघर असतं, आणि मागच्या अंगणात बहुतेक ठिकाणी पोहण्याचा छोटा तलाव. दोन कुटुंबांनी मिळून असं घर घेतलं तर हॉटेलपेक्षा परवडतं. गाडी चालवायची नसेल तर मात्र व्हिक्टोरियात राहावं. बेटाच्या मधोमध असलेलं हे मुख्य गाव. सगळ्या बस तिथूनच सुटतात आणि बहुतेक मार्गांवर तासाला एखादीच असते. 1887मध्ये राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली म्हणून ब्रिटिशांनी गावाला तिचं नाव दिलं. गोझोकर अजून रबातच म्हणतात.

आणि दिवसाचा बेत? तो वाऱ्याला विचारून ठरवायचा. हे गोझोकरांकडून शिकण्यासारखं आहे. पोहायला कुठे जायचं हे ते आदल्या दिवशी ठरवतच नाहीत. वायव्येचा ‘मजिस्त्राल’ सुटला की उत्तरेकडचे किनारे खवळतात. मग दक्षिणेला, कड्यांच्या कुशीतल्या इम्जार इश-शिनी या चिंचोळ्या खाडीत पाणी निवांत असतं. दक्षिणेकडून उबदार, दमट ‘श्लोक’ वाहू लागला की उलट, मार्सालफोर्न आणि रमलाचा किनारा शांत. रमलाची वाळू तांबूस-केशरी आहे. तिच्या वरच्या डोंगरकडेला एक गुहा आहे. होमरच्या महाकाव्यातल्या कॅलिप्सोने ओडिसियसला सात वर्षं इथेच अडकवून ठेवलं, असं गोझोत मानतात. भूमध्य समुद्रातली आणखीही काही बेटं हाच दावा करतात, पण ते गोझोत बोलू नये.

मार्सालफोर्नहून किनाऱ्याने पश्चिमेला चालत गेलं की श्वेयनीची मिठागरं लागतात. मिठागर म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे चिखलाचे बांध येतात. इथे ती खडकात खोदलेली आहेत. फिकट पिवळ्या दगडात शेकडो चौकोनी खाचे, एकाला लागून एक, लाटांपासून काही पावलांवर. उन्हाळ्यात त्यांत समुद्राचं पाणी भरतात, ते उन्हाने आटत जातं, आणि आठवडाभरात तळाशी पांढरा थर धरतो. मग लांब दांड्याच्या झाडूने मीठ झाडून त्याचे छोटे ढीग करतात, पाणी निथळू देतात आणि रस्त्याच्या पलीकडे खडकातच कोरलेल्या कोठारात नेऊन पोत्यांत भरतात. काही कुटुंबं पिढ्यान् पिढ्या हेच करत आली आहेत. कोठाराच्या दाराशी मिठाच्या पुड्या विकायला ठेवलेल्या असतात. चालताना खाच्यांच्या काठावर पाय देऊ नये, दगड ठिसूळ आहे आणि बुटाची माती मिठात जाते. या भागात अठराव्या शतकातल्या एका घड्याळजीची गोष्ट सांगितली जाते. त्याने झटपट श्रीमंतीसाठी इथे मिठागरं खोदली. पाणी मात्र खडकातून खालच्या गुहेत झिरपून गेलं, आणि हिवाळ्यातल्या वादळात लाटांच्या दाबाने कारंज्यासारखं वर उसळून आसपासची शेतं खारवली. शेतकऱ्यांनी घड्याळजीला कोर्टात खेचलं.

भूक लागली की फतिरा. माल्टातला फतिरा म्हणजे मधे कापून आत सारण भरलेला चपटा पाव; गोझोतला वेगळा, पिझ्झ्यासारखा उघडा आणि कडा आत दुमडलेल्या. नादुर गावातल्या मेकरेन आणि माशोक या जुन्या भट्ट्यांवर तो गरमागरम मिळतो. आंबवलेल्या पिठावर बटाट्याच्या पातळ चकत्या, टोमॅटो, केपरच्या कळ्या आणि ‘जबेयना’, म्हणजे शेळी-मेंढीच्या दुधाच्या मुठीएवढ्या चीजच्या चकत्या. त्यावर अँकोव्ही मासळी घालायची पद्धत आहे. शाकाहारी लोकांनी ती नको म्हणून आधीच सांगावं. माल्टाच्या फतिराची परंपरा 2020मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. शाकाहाऱ्यांची गोझोत एकूण आबाळ होत नाही. लसूण घालून वाटलेल्या सुक्या बाकल्याच्या दाण्यांची ‘बिजिल्ला’ ही दाट चटणी, रिकोटा किंवा वाटाणा भरलेल्या ‘पास्तित्सी’, आणि भाज्यांच्या रश्श्यात जबेयना सोडून केलेलं सूप. त्या सुपात अंडंही असतं, हे लक्षात ठेवावं. दुपारी एक ते चार बरीच दुकानं बंद असतात. त्या वेळात गोझोकर जे करतात तेच पाहुण्यानेही करावं, झोपावं.

व्हिक्टोरियाच्या माथ्यावरचा किल्ला, चितादेल्ला, सहलीच्या गाड्या निघून गेल्यावर चढावा. तटावरून जवळजवळ सगळं बेट दिसतं. इथला सर्वांत काळा उन्हाळा 1551चा. तुर्की आरमाराने किल्ल्यावर तोफा डागल्या, काही दिवसांत किल्ला पडला आणि सुमारे 5 हजार माणसं गुलाम म्हणून त्रिपोलीला नेली गेली. बेट जवळपास ओस पडलं. पुढे कितीतरी वर्षं, 1637पर्यंत, गोझोकरांनी रात्रीचा मुक्काम किल्ल्यातच करावा असा नियम होता. आतल्या कॅथेड्रलची एक गंमत आहे. आत उभं राहून वर पाहिलं तर घुमट दिसतो. बाहेरून पाहिलं तर घुमट नाहीच. बांधायला पैसे पुरले नाहीत म्हणतात. 1739मध्ये आंतोनियो मान्वेले या चित्रकाराने सपाट छतावर घुमटाचं चित्र इतकं बेमालूम रंगवलं की वेदीकडे जाईपर्यंत फसवणूक ध्यानात येत नाही. तिथून मात्र तो वेडावाकडा दिसू लागतो.

किल्ला उतरून मुख्य रस्त्याला लागलं की गोझोची खरी नवलाई सुरू होते. हाकेच्या अंतरावर दोन ऑपेरागृहं! गावची वस्ती काही हजारांची, आणि ऑपेरागृहं दोन. एकाचं नाव अरोरा, दुसऱ्याचं अस्त्रा. दोन्ही गावातल्या दोन वाद्यवृंद मंडळांची. अरोरावाले कॅथेड्रलचे, त्यांचा सण 15 ऑगस्टचा सांता मारिया. अस्त्रावाले सेंट जॉर्जच्या चर्चचे, त्यांचा उत्सव जुलैत. एकाने झुंबरं आणली की दुसरा पडदे बदलणार, एकाने व्हेर्दी केला की दुसरा पुच्चिनी. घरं या किंवा त्या बाजूची असतात. मुख्य भूमिकांसाठी गायक बाहेरून येतात. वेशभूषा, नेपथ्य, समूहगान, तिकीटविक्री आणि मध्यंतरातलं खाणं-पिणं गावकरी स्वतः हौसेने सांभाळतात. हे सारं ऑक्टोबरात घडतं, आणि ऑपेरा बघायला परदेशातून माणसं येतात. ज्यांना तिकीट मिळत नाही, त्यांनी कुठल्याही दिवशी या मंडळांच्या बारमध्ये कॉफी घ्यावी. समोरच्या मंडळाचा विषय मात्र काढू नये.

हीच ईर्ष्या शेवकिया गावात दगडात उतरली आहे. तीनेक हजार वस्तीच्या या गावाने 1951मध्ये नवं चर्च बांधायला घेतलं. जुनं चर्च तसंच चालू ठेवून त्याच्याभोवती नवं उभारलं आणि मग आतलं उतरवलं. घुमट सुमारे 75 मीटर उंच आहे. फेरीतून सर्वांत आधी दिसतो तो हाच.

शारा गावातली ज्गांतियाची मंदिरं या सगळ्यांहून फार जुनी. इसवी सनापूर्वी 3600च्या सुमारास, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांच्याही जवळजवळ हजार वर्षं आधी, धातूचं हत्यार हाती नसलेल्या माणसांनी ती रचली. काही दगड पाच मीटरहून लांब आणि कित्येक टन वजनाचे. एका राक्षसिणीने कडेवर मूल घेऊन ते वाहून आणले, अशी लोककथा आहे. युनेस्कोने 1980मध्ये त्यांना जागतिक वारसा मानलं. सकाळी दार उघडताच जावं. त्याच तिकिटावर गावातली 1725ची पवनचक्कीही पाहता येते.

द्वेयराच्या किनाऱ्यावरची ‘अझूर विंडो’ ही प्रचंड दगडी कमान पाहायला आता कोणी जाऊ नये. 8 मार्च 2017च्या वादळात ती समुद्रात कोसळली. जुन्या जाहिरातींत ती अजून झळकते. शेजारचा ‘ब्लू होल’ मात्र जागेवर आहे, आणि कमानीचे तुकडे पाहायला पाणबुडे तिथेच उतरतात.

हंगामाचं म्हणाल तर मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. समुद्र ऑक्टोबरातही पोहण्याजोगा असतो, मिठागरांचं काम मात्र तोवर आटोपत आलेलं असतं. उत्सवांची रोषणाई, बँड आणि दारूकाम हवं असेल त्याने जुलै-ऑगस्टचं ऊन आणि वाढलेली भाडी सोसावीत. कोमिनोच्या निळ्या खाडीत दिवसा गर्दीचा कहर असतो. जायचंच तर पहिल्या बोटीने.

परतीचं विमान सकाळचं असेल तर शेवटची रात्र वालेटात काढावी. वारा वाढला की वेगवान बोट रद्द होते आणि मग चिरकेव्वाहून विमानतळापर्यंत बेटाची अख्खी लांबी कापावी लागते. वालेटात मिळालेल्या दुपारी सेंट जॉनच्या को-कॅथेड्रलमध्ये करावाज्जोचं 1608मधलं ‘सेंट जॉनचा शिरच्छेद’ हे चित्र पाहावं. त्याच्या चित्रांतलं हे सर्वांत मोठं, आणि सही केलेलं एकमेव. सही जमिनीवर सांडलेल्या रक्तात आहे. रविवारी कॅथेड्रल पर्यटकांसाठी बंद असतं, तेवढा वार बघून तिकीट काढावं.